गोलफलकात नाव नसलेला माणूस : फुटबॉलमधील बचावपटूचा इतिहास कसा वाचावा?

मेळघाटातील गाविलगडाविषयी कोणत्याही इतिहासप्रेमीला विचारा, उत्तरात एक तारीख हमखास येईल : १५ डिसेंबर १८०३. त्या दिवशी कर्नल स्टीव्हन्सनच्या तोफांनी बाहेरच्या किल्ल्याच्या उत्तर तटाला खिंडार पाडले, कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून आतला तट ओलांडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. किल्ला मात्र त्याआधी पावणेचारशे वर्षे उभा होता. बहामनी सुलतान अहमदशहाने तो १४२५ च्या सुमारास बांधला. त्या पावणेचारशे वर्षांत कुणी सेनापती खालून तटाकडे पाहून मुकाट्याने परत फिरला असेल, तर ती गोष्ट लिहून ठेवण्याचे कारण कुणालाच नव्हते. तट ढासळला की तारीख मिळते. तट उभा राहिला तर काहीच मिळत नाही.

आजचा हा धागा किल्ल्यांचा नाही, फुटबॉलचा आहे, आणि तोही फुटबॉलमधल्या सर्वांत कमी लिहिल्या गेलेल्या माणसाचा : बचावपटूचा. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. बचावपटूची कारकीर्द हा इतिहासलेखनाच्या दृष्टीने एक अवघड आणि म्हणूनच मोलाचा विषय आहे. त्याचे नेमून दिलेले काम उत्तम झाले तर काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याची नोंद होत नाही. म्हणून आपल्याकडे भारतीय फुटबॉलचा जो इतिहास सांगितला जातो तो जवळजवळ सगळा गोल करणाऱ्यांचा आहे. त्यात बचावपटू येतो तेव्हा तो चूक केल्यामुळे तरी येतो, नाहीतर स्वतःचे काम सोडून पुढे जाऊन गोल केल्यामुळे तरी. साधने अशी एका बाजूला कललेली असतील, तर ती उलटी वाचायला शिकणे हे आपल्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.

सामन्याच्या नोंदपत्रकाकडेच पाहा. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला, कार्ड कुणाला मिळाले, बदली खेळाडू कोण आला, एवढेच त्यात असते. बचावपटूचे नाव या पत्रकात शिरण्याचे मार्ग तीन : स्वयंगोल, कार्ड किंवा अपवादाने एखादा गोल. या तिन्हींपैकी एकही त्याचे रोजचे काम नाही. नव्वद मिनिटे योग्य जागी उभे राहून त्याने प्रतिस्पर्ध्याला चेंडू मागे फिरवायला लावला असेल, तर पत्रकात कोरी जागा राहते.

आता काही परिचित प्रसंग या नजरेने पुन्हा पाहू.

२९ जुलै १९११. मोहन बगानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. गोल करणारे शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष ही नावे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. 'अकरा अनवाणी भारतीयांनी बूटवाल्या गोऱ्यांना हरवले' हे वाक्य तर समाजमाध्यमांवर दर जुलैत फिरते. वस्तुस्थिती अशी की अनवाणी दहाच जण होते. अकरावा खेळाडू बूट घालून खेळत होता. त्याचे नाव रेव्हरंड सुधीर चॅटर्जी आणि तो बचावपटू होता. आख्यायिकेचा डौल राखण्यासाठी गाळला गेला तोही बचावफळीतलाच माणूस, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

त्यानंतरचे नाव गोष्ठ पाल यांचे. जन्म १८९६, पूर्व बंगालमधील फरीदपूरचा. १९१० च्या दशकाच्या आरंभापासून १९३५ पर्यंत ते मोहन बगानच्या बचावफळीत अनवाणी खेळले. 'चीनची भिंत' ही त्यांची उपाधी. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि हा सन्मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू ठरले. कोलकात्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे, १९९८ मध्ये टपाल तिकीटही निघाले. म्हणजे बचावपटूला कीर्ती मिळतच नाही असे नाही. पण ती कोणत्या शब्दांत मिळाली ते पाहा : भिंत. आघाडीच्या खेळाडूला आपण जादूगार म्हणतो, कलाकार म्हणतो. बचावपटूला भिंत, खडक, बुरूज म्हणतो. निर्जीव वस्तूला बुद्धी नसते, निर्णय नसतो. पाल यांची दोन तपांची कारकीर्द मात्र निर्णयांवरच उभी होती, कारण त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात खेळाचा कायदाच पालटला.

त्या कायद्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. १९२५ पूर्वी ऑफसाइड टाळण्यासाठी आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत. गोलरक्षक धरून तीन. त्यामुळे दोन बचावपटूंपैकी एकाने चार पावले पुढे सरकायचे, की समोरचा सहज ऑफसाइडमध्ये अडके. मागे दुसरा सोबती निर्धास्त उभा असेच. इंग्लंडमध्ये या युक्तीचा इतका सुकाळ झाला की सामने रटाळ होऊ लागले. १९२५ मध्ये तीनचे दोन झाले. परिणाम तत्काळ दिसला : इंग्लंडच्या प्रथम विभागात १९२४-२५ च्या हंगामात १,१९२ गोल झाले होते, पुढच्याच हंगामात १,७०३ झाले. बचावपटूचे पुढे सरकणे आता जुगार ठरू लागले. चुकले तर मागे फक्त गोलरक्षक. पुढे मधल्या फळीतला एक खेळाडू कायमचा मागे ओढून तिसरा बचावपटू करण्याची पद्धत आली. गोल किती वाढले हे प्रत्येक पुस्तकात सापडते. पण त्या एका उन्हाळ्यात जगभरच्या हजारो बचावपटूंना आपली विद्या नव्याने शिकावी लागली, हे क्वचित लिहिलेले आढळते. गोष्ठ पाल त्याआधी दहा-बारा वर्षे एका कायद्याखाली खेळले आणि नंतर दहा वर्षे दुसऱ्या. भिंतीला हे जमत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे पान उलटू. ३१ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिक, भारत विरुद्ध फ्रान्स. नागा डॉक्टर तालिमेरेन आओ कर्णधार. बहुतेक खेळाडू अनवाणी. भारत १-२ असा हरला आणि त्या सामन्यात आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या. त्यांतली एक मारणारे होते शैलेन मन्ना, मोहन बगानचे डावे बचावपटू. आजही १९४८ चा विषय निघाला की ती पेनल्टी निघते. फ्रान्ससारख्या संघाला जवळजवळ अखेरच्या क्षणापर्यंत एका गोलावर थोपवून धरले कुणी, हा प्रश्न निघत नाही.

तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. मन्ना कर्णधार होते. भारताने इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० आणि अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. स्मरणात राहिला तो मेवालाल यांचा विजयी गोल, आणि तो राहायलाच हवा. पण ते तीन गुणफलक पुन्हा वाचा, या वेळी उजवीकडचा आकडा. शून्य, शून्य, शून्य. संपूर्ण स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. एका बचावपटूच्या नेतृत्वाखाली ही कामगिरी झाली आणि ती आपल्या डोळ्यांसमोर छापील असूनही आपण वाचत नाही. साधने उलटी वाचायची म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

१९६२ चे जकार्ता तर याच गोष्टीचा कळस. आशियाई खेळांत साखळीतील थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जबर जखम झाली, टाके पडले. प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना बाद फेरीत थेट आघाडीला खेळवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी यांच्यानंतर दुसरा गोल केला तो जर्नेलसिंग यांनीच. भारत २-१ ने जिंकला. फाळणीत घरदार हरपलेला पंजाबी तरुण, डोक्याला टाके, आणि सुवर्ण मिळवून देणारा गोल : कथा म्हणून यात काही उणे नाही. म्हणूनच ती सांगितली जाते. पण जर्नेलसिंग पुढे गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय? अरुण घोष, चंद्रशेखर, त्रिलोकसिंग यांनी आपला सर्वांत भरवशाचा जोडीदार नसताना कोरियाला एका गोलावर रोखले. त्यांच्यावर कुणी चित्रफीत बनवून फिरवीत नाही. जर्नेलसिंग आशियातील अग्रगण्य बचावपटूंपैकी एक होते. लोकस्मृतीत ते गोल करणारे म्हणून राहिले.

या साऱ्यांना व्यावसायिक म्हणावे का, हाही प्रश्न आहे. मन्ना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीला होते. त्या पिढीचा खेळाडू कागदोपत्री कारकून, तंत्रज्ञ किंवा रेल्वे कर्मचारी असे. मुंबईतही तेच होते. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक आरंभी ब्रिटिश पलटणींचा होता. पुढे शहराचे फुटबॉल टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र अशा आस्थापनांच्या संघांनी चालवले. नोकरीची हमी होती, म्हणून खेळता येत असे. आघाडीच्या खेळाडूला एका मोसमाच्या गोलांवर दुसरीकडून बोलावणे येऊ शकते. बचावपटूची पारख व्हायला वर्षे लागतात, जोडीदार लागतो, स्थैर्य लागते. आस्थापनांचे संघ त्याला ते देत होते. हे संघ एकामागून एक बंद झाले तेव्हा सर्वाधिक फटका बचावपटूंना बसला असावा, असे माझे मत आहे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघच विसर्जित झाला.

इथे मराठी मुलुखातील आजच्या उदाहरणाकडे येतो. राहुल भेके. जन्म ६ डिसेंबर १९९०, मुंबई. उजव्या बाजूचा आणि मधला, अशा दोन्ही जागी खेळणारा बचावपटू. त्याची कारकीर्द म्हणजे भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या उलथापालथीचा दस्तऐवजच आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. जुनी आय-लीग चालूच होती. दोन्ही स्पर्धा वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत होत असल्यामुळे काही वर्षे एकच खेळाडू एका वर्षात दोन संघांचा होऊ लागला. भेके आय-लीगमध्ये ईस्ट बंगालकडून खेळे, आणि सुपर लीगमध्ये २०१५ ला केरळ ब्लास्टर्सकडून, तर २०१६ ला एफसी पुणे सिटीकडून. प्रत्येक वेळी नवा गोलरक्षक, नवा जोडीदार, बहुधा नवा परदेशी प्रशिक्षक. ज्या कामाचा प्राण परस्परांच्या सवयी ओळखण्यात आहे, ते काम दर सहा महिन्यांनी नव्याने मांडायचे. पुढे दोन्ही स्पर्धा एकाच काळात होऊ लागल्यावर २०१७ मध्ये तो बंगळुरू एफसीत गेला आणि तिथे स्थिरावला.

१७ मार्च २०१९ ची रात्र. अंधेरीच्या मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना, बंगळुरू विरुद्ध एफसी गोवा. बरोबर एक वर्षापूर्वी, १७ मार्च २०१८ ला, बंगळुरू स्वतःच्या मैदानावर चेन्नईयनकडून अंतिम सामना ३-२ असा हरला होता. या वेळी नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. ११७व्या मिनिटाला दिमास देल्गादोच्या कॉर्नर किकवर भेकेने डोक्याने चेंडू जाळीत धाडला. सामना १-० असा संपला. मुंबईकर मुलाने मुंबईच्या मैदानावर मिळवून दिलेले विजेतेपद! दुसऱ्या दिवशीचे मथळे अर्थातच त्या हेडरचे होते.

आता तोच सामना उलटा वाचू. समोर गोव्याचा फेरान कोरोमिनास होता, त्या मोसमात १६ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवलेला. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना तब्बल १२० मिनिटे एकही गोल करता आला नाही. हे काम भेकेने आणि बंगळुरूच्या उरलेल्या बचावफळीने केले. एका क्षणाच्या उडीने भेके इतिहासात गेला. ज्या दोन तासांसाठी त्याला वेतन मिळत होते ते दोन तास त्या उडीच्या सावलीत गेले. त्या रात्री त्याचा हेडर खांबावरून गेला असता आणि बंगळुरू पेनल्टींवर जिंकला असता, तरी बचावपटू म्हणून त्याची कामगिरी तसूभरही कमी ठरली नसती. नाव मात्र राहिले नसते.

तीन वर्षांनी पुन्हा तेच घडले. ११ एप्रिल २०२२, रियाध. भेके आता मुंबई सिटीत होता. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये समोर इराकचा अल-कुवा अल-जाविया. मुंबई पिछाडीवर पडली, दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ७५व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेने डोक्याने विजयी गोल केला. आशियाच्या या सर्वोच्च क्लब स्पर्धेत भारतीय संघाचा हा पहिला विजय. ही नोंद कायमची राहील. त्याआधीच्या वर्षी, २०२१ मध्ये, याच स्पर्धेत एफसी गोव्याने कतारच्या अल-रय्यानला आणि संयुक्त अरब अमिरातीच्या अल-वाहदाला प्रत्येकी एकदा ०-० असे रोखले होते. भारतीय क्लबला या स्पर्धेत मिळालेला पहिला गुण त्या गोलशून्य बरोबरीतून आला. त्या सामन्यांतले गोव्याचे बचावपटू कोण होते, हे न पाहता सांगू शकणारे किती जण हा धागा वाचत आहेत? भेकेचे नाव मात्र बहुतेकांना सांगता येईल.

म्हणूनच मला ४ मे २०२४ ची तारीख अधिक प्रिय आहे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, मोहन बगानच्या प्रेक्षकांपुढे, मुंबई सिटीने अंतिम सामना ३-१ असा जिंकला. गोल दुसऱ्यांनी केले. चषक उचलला तो कर्णधार राहुल भेकेने. गोलफलकात नाव नसताना त्याचे छायाचित्र छापून आले, हे फार क्वचित जुळून येते.

यशाच्या या यादीखाली एक वास्तव आहे. जुलै २०२५ मध्ये पुढच्या मोसमाची सुपर लीगच अनिश्चित काळासाठी स्थगित झाली. लीग चालवण्याच्या कराराचे नूतनीकरण अडले होते. ऑगस्टच्या आरंभी बंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवल्याचे जाहीर केले. भेके तेव्हा पुन्हा त्याच क्लबात होता, वय ३४. मन्नांच्या पिढीकडे खात्याची नोकरी होती. आजच्या खेळाडूकडे करारपत्र आहे. दोन्हींत सुरक्षित कोणते, हा इतिहासाच्या परीक्षेत विचारण्याजोगा प्रश्न आहे.

गोव्याच्या महेश गवळीचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. जन्म १९८०, टाटा फुटबॉल अकादमीत घडलेला, डेम्पोच्या आणि भारताच्या बचावफळीचा दीर्घकाळ आधार. जुलै २०२३ मध्ये बंगळुरूत सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना झाला तेव्हा मुख्य प्रशिक्षक स्टिमाच निलंबित होते आणि मैदानालगत संघ सांभाळत होता सहप्रशिक्षक गवळी. कुवेतविरुद्ध १-१ अशा बरोबरीनंतर भारत पेनल्टींवर जिंकला. विजेतेपद स्टिमाच यांच्या खात्यावर जमा झाले. सवय जुनीच असणार.

'पण आता आकडेवारी आहे ना?' असा आक्षेप येईल. आहे. टॅकल किती, अडवलेले पास किती, हवेतले चेंडू किती जिंकले, सारे मोजले जाते. तरी मोजमापाला मर्यादा आहे. ज्याला टॅकल करण्याची वेळच येत नाही, तो बचावपटू अधिक चांगला असण्याची शक्यता असते. तो आधीच योग्य जागी पोचलेला असतो. २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने याप स्टामला विकले. त्याच्या टॅकलची संख्या घटल्यामुळे तो निर्णय झाला, असे सांगितले जाते. खरे कारण काहीही असो, ती आपली चूक होती, अशी कबुली फर्ग्युसन यांनी स्वतः पुढे दिली. मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्याचा मोह संख्याशास्त्रज्ञांना होतो तसा इतिहासकारांनाही होतो.

याउलट आपल्या मातीतल्या एका खेळाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. कबड्डी. चढाई करणाऱ्याला गडी बाद केल्याबद्दल गुण मिळतो, तसाच पकड करणाऱ्या संघालाही मिळतो. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड साधली तर व्यावसायिक लीगमध्ये दोन गुण. बचाव ही तिथे घटना आहे, तिला आकडा आहे आणि आकड्याशी नाव जोडलेले आहे. प्रो कबड्डी आणि इंडियन सुपर लीग या दोन्ही २०१४ मध्येच सुरू झाल्या. अमरावती-अकोल्यातल्या कोणत्याही मुलाला विचारा, कबड्डीतले दोन-चार नामांकित बचावपटू तो सहज सांगेल. हे त्याच्या आवडीनिवडीपुरते नाही. नोंदपत्रकाच्या रचनेमुळे त्याला ती नावे ठाऊक आहेत. नोंद कशी ठेवावी हे कुणीतरी ठरवलेले असते आणि स्मृती त्या ठरावाच्या मागून चालते.

कबड्डीचा विषय निघालाच आहे, तर अमरावतीविषयी एक दुरुस्तीही करतो. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केले. १९३६ मध्ये मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि तिथे त्याने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, त्यांत हुतूतूही होता. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. परंतु 'कबड्डी हा १९३६ च्या ऑलिंपिकमधील अधिकृत प्रदर्शनीय खेळ होता' असे जे सर्वत्र फिरते ते बरोबर नाही. त्या ऑलिंपिकचे प्रदर्शनीय खेळ दोन होते : बेसबॉल आणि ग्लायडिंग. पथकाचे मोल सांगायला ऑलिंपिकचा शिक्का आवश्यक वाटतो, ही आपली मानसिकताच मुळी गोलफलकाची आहे.

मग वऱ्हाडात फुटबॉल का रुजला नाही, तुलनेने? माझ्या मते कारणे दोन. भारतात हा खेळ पलटणींच्या पाठोपाठ पसरला. नागपूरजवळच्या कामठीला १८२१ पासून इंग्रजांची छावणी होती. तिथली फुटबॉलची परंपरा आजही जिवंत आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, पण एलिचपूरच्या छावणीत होती ती हैदराबाद कंटिंजंट : अधिकारी गोरे, शिपाई देशी. दुसरे कारण व्यायामशाळा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या तरुणांना शरीर कमावण्याचा जो राष्ट्रीय मार्ग मिळाला तो मल्लखांब, लाठी, कुस्ती आणि हुतूतूचा होता. साहेबाचा चेंडू त्या मार्गावर बसत नव्हता. बंगालने त्याच चेंडूने साहेबाला हरवण्यात राष्ट्रीयत्व पाहिले, वऱ्हाडने तो चेंडू बाजूला ठेवण्यात पाहिले. दोन्ही उत्तरे एकाच प्रश्नाची होती.

भूगोलाची गंमत अशी की कोलकात्याच्या मैदानाला मुंबईच्या कूपरेजशी जोडणारा हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्ग बडनेरा आणि अकोल्यावरूनच जातो. भारतीय फुटबॉलची दोन जुनी केंद्रे याच रुळांच्या दोन टोकांना. गाडी इथे थांबत असे, खेळ पुढे जात असे.

तरीही तो इथे अजिबात खेळला गेला नाही असे कुणी समजू नये. शाळांचे संघ होते, महाविद्यालयांचे होते, मोहल्ल्यांचे होते. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजसारख्या, १९२३ पासून चालत आलेल्या संस्थेच्या वार्षिक अंकांत इतर खेळांबरोबर फुटबॉललाही जागा असणे स्वाभाविक आहे. असे अंक, क्रीडा विभागांच्या वह्या, पोलीस मैदानावरच्या स्पर्धांची हस्तपत्रके, हीच आपली साधने. त्यांत गोल करणाऱ्यांची नावे मिळतील. मागे उभे राहणाऱ्यांची नावे माणसांकडून मिळवावी लागतील, आणि ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या दशकावर ढकलता येणार नाही.

म्हणून अकोला, अमरावती आणि आसपासच्या तालुक्यांतील वाचकांना एक विनंती. घरात आजोबांचा, काकांचा, शेजारच्या चाचांचा जुन्या फुटबॉल संघातला फोटो असेल, तर त्यांच्यापाशी बसा. चषक कुणाच्या हातात आहे हे विचारू नका, ते दिसतेच. मागे कोण खेळायचे ते विचारा. डाव्या अंगाला कोण, उजव्या अंगाला कोण, बूट होते की अनवाणी, नोकरी कुठे होती, खेळ कोणत्या वर्षी आणि कशामुळे सुटला. त्यांची परवानगी असेल तर ध्वनिमुद्रण करून ठेवा. आणि फोटो स्कॅन करताना त्याची पाठही स्कॅन करा. नावे बहुधा तिथेच, पेन्सिलीने लिहिलेली असतात.